मिरग आकाशात दाखवायचा कधी? गावातल्या आकाशदर्शनाच्या तारखा आणि तयारी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या तुमच्या गावात शाळेला सहा इंची दुर्बीण मिळाली आहे, प्रोजेक्टर आहे, पोरं उत्सुक आहेत. पावसाळा सरल्यावर, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पासून उन्हाळ्यापर्यंत, आकाशदर्शन कोणत्या तारखांना ठेवावं, व्याख्यानाला कोणाला बोलवावं आणि मोठी माणसं यावीत म्हणून काय करावं, हे तुम्हाला हवं आहे. वऱ्हाडात आणि चंद्रपूरच्या बाजूला बरीच वर्षं हेच करत आलो आहे, तेव्हा अनुभवातून ठाम झालेलं तेवढं सांगतो.

पाहुण्याच्या सोयीने तारीख धरू नका. आधी चंद्र पाहा, मग वावरातली कामं, मग सण, आणि सगळ्यात शेवटी पाहुणा. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत संध्याकाळी कोणी जागेवर नसतं. आठवडी बाजाराच्या दिवशी माणसं थकून आलेली असतात. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. अवस असल्याने आकाश काळंभोर असायला हवं, पण फटाक्यांचा धूर दोन दिवस खाली बसत नाही. म्हणून तो आठवडा सोडा आणि पहिला कार्यक्रम शनिवारी, १४ नोव्हेंबरला धरा. बालदिन आहे, पुण्या-नागपूरला गेलेली लेकरं दिवाळीला गावी आलेली असतात आणि चंद्र पाच दिवसांचा असतो. नवख्या डोळ्याला दुर्बिणीतून पहिल्यांदा दाखवायला याहून चांगला चंद्र नाही. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, त्यामुळे खड्डा हा खड्डाच दिसतो. पुनवेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट पांढरं दिसतं. ही चूक मी सुरुवातीलाच केली होती. कोजागिरीला माणसं आपसूक जागी असतात म्हणून त्या रात्री दुर्बीण लावली. शंभरेक जण रांगेत उभे राहिले, डोळे दिपवून घेऊन परत गेले, आणि पुढच्या वेळी त्यातले निम्मेही आले नाहीत. कोजागिरीला काही दाखवायचंच असेल तर शनी दाखवा, त्याला चांदण्याचा त्रास होत नाही.

१४ नोव्हेंबरलाही शनी संध्याकाळपासून चांगला वर असेल. ४ ऑक्टोबरलाच तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येऊन गेलेला असेल. एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसेनाशी झाली होती. ती आता हळूहळू उघडत आहेत, पण अजून अरुंदच आहेत. पाठ्यपुस्तकातल्या चित्राएवढी रुंद कडी कोणी मनात धरून आला तर त्याचा हिरमोड होतो. ‘बारीक कडी नीट शोधा’ असं सांगितलं की शोधणाऱ्याला ती सापडते आणि तो ओरडतोच.

दुसरी तारीख १३ डिसेंबर, रविवारची रात्र, मिथुन राशीतला उल्कावर्षाव. नवा चंद्र रात्री दहाच्या आत मावळेल, पुढे सगळी रात्र अंधारी. पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, हाच वर्षाव ऐन पौर्णिमेला येतो आणि वाया जातो, म्हणून यंदाची रात्र सोडू नका. वर्तमानपत्रं ‘तासाला दीडशे उल्का’ असं छापतात. तो आकडा, उगमबिंदू (उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा) डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळं असेल तेव्हाचा हिशेब आहे. तुमच्या गावात रात्री दहाच्या सुमारास तासाला वीस-तीस दिसल्या तरी समाधान माना. मध्यरात्रीनंतर संख्या वाढते, कारण पृथ्वी फिरता फिरता आपली बाजू कणांच्या समोर आणते आणि उगमबिंदूही वर चढतो. दोनच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर असतो. दाखवायचा कसा? पुनर्वसूचे दोन तारे दाखवा, उगमबिंदू त्यांच्याच शेजारी आहे. पण नजर तिथे खिळवू नका. खाटेवर किंवा ताडपत्रीवर पाठ टेकून जेवढं आकाश डोळ्यांत मावेल तेवढं पाहायचं असतं. दुर्बिणीचं या रात्री काहीच काम नाही, ती घरीच ठेवा. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून येतात, हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या कणांतून येतो. मोठ्या वर्गातल्या पोरांना हा फरक फार आवडतो.

तिसरी तारीख मला सगळ्यात मोलाची वाटते: शनिवार, ६ फेब्रुवारी २०२७, पौष अमावस्या. गुरू १० फेब्रुवारीच्या आणि मंगळ १९ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो, दोघेही सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या आसपास. हात लांब करून मूठ धरली तर दोघांत दीड मुठीच्या आतबाहेर अंतर भरेल. आठपर्यंत ते पूर्वेला पुरेसे वर येतात. गुरूचे चार चंद्र आठला एकदा दाखवा, त्यांच्या जागा कागदावर काढून घ्या, आणि दहाला परत दाखवा. जागा बदललेल्या दिसल्या की गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत काय पाहिलं हे वेगळं समजावावं लागत नाही. मंगळाबद्दल फार आशा लावू नका. सहा इंची दुर्बिणीत तो केशरी गोळीएवढा दिसेल, हवा स्थिर असली तरच एखादा डाग.

आता अवसेची अडचण. खेड्यात अवसेच्या रात्री बाया-पोरांना बाहेर पाठवायला घरं कचरतात आणि आपल्याला तर नेमकी तीच रात्र हवी असते. या भीतीवर भाषण देऊन उपयोग होत नाही, भाषणाने माणूस दुखावतो आणि दुसऱ्यांदा येत नाही. मी दोन गोष्टी करतो. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर ती संपताच तिथेच पाच मिनिटं मागून घेतो. माणसं आधीच एकत्र बसलेली असतात, जागा ओळखीची असते, जाणती मंडळी सोबत असते. आणि कंदील व चेंडू घेऊन एवढंच दाखवतो की अवसेला चंद्र कुठेही हरवत नाही, तो सूर्यासोबत उगवतो, सूर्यासोबत मावळतो आणि त्याची उजळ बाजू आपल्याकडे पाठ करून असते. पुढचं काम आकाश करतं. अवसेच्या रात्री मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, म्हणजे वायूचा चमकता ढग, एकदा दुर्बिणीतून पाहिलेली बाई पुढच्या अवसेला लेकरांना हाताला धरून घेऊन येते, हे मी पाहिलं आहे.

व्याख्यानाकडे येतो, कारण खरी गल्लत तिथेच होते. ‘कृष्णविवरे’, ‘विश्वाची उत्पत्ती’ असे विषय शहरातल्या सभागृहासाठी ठेवा. आपल्या गावाला आकाश परकं नाही, त्याची ओळख वेगळ्या वाटेने झालेली असते, आणि व्याख्यान त्या वाटेवरूनच सुरू झालं पाहिजे. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो रोहिणी, मिरग, आडदरा ओळीने म्हणून दाखवेल, कोणत्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे नि कोणत्याचं म्हैस हेही सांगेल. पण ‘मिरग आकाशात दाखवा’ म्हटलं की थांबतो. थांबणारच. मिरग लागतो ७-८ जूनला, म्हणजे त्या दिवसांत सूर्य मृग नक्षत्रात असतो. सूर्य जिथे असतो तिथले तारे दिवसा वर असतात, सूर्यासोबत मावळतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला मिरगाच्या चांदण्या कोणालाच दिसत नाहीत. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला गेलेली असते आणि तोच मिरग दिवस मावळताच पूर्वेला उगवतो. ज्याच्या नावाने पेरणीची घाई केली, तो हरभऱ्याच्या ओलिताच्या वेळी डोक्यावर असतो.

हे एकदा उलगडून दाखवलं की बसलेली माणसं पुढे सरकतात. मग म्हातारी माणसं बोलायला लागतात. तिकांड्यावरून रात्र किती झाली ते ओळखत होतो, असं कोणीतरी सांगतंच. तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे. सप्तर्षीला बाज म्हणतात, चार तारे बाजेचे खूर आणि शेपटीचे तीन चोर. फेब्रुवारीत नऊ-दहाच्या सुमारास ही बाज ईशान्येला वर येते, तेव्हा दाखवून घ्या. तुमच्याकडे गोंड-कोलामांची वस्ती जवळ आहे, त्यांना आवर्जून बोलवा, आणि ऐकायला नाही, सांगायला बोलवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं आकाशज्ञान नोंदवलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ग्रीकांनी मृगात शिकारी पाहिला, गोंड शेतकरी तिथे नांगर पाहतो. मला तरी नांगर जास्त नीट जुळलेला दिसतो. शाळेतल्या पोरांना वही देऊन घरोघरी आजी-आजोबांकडून चांदण्यांची नावं लिहून आणायला सांगा. तुमचं पहिलं व्याख्यान त्या वहीतून तयार होईल.

दुसरं व्याख्यान सिंदेवाहीचं. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, पावणे आठच्या सुमारास आकाशातून जळत गेलेली लांब रांग विदर्भात हजारोंनी पाहिली, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो जळालेला उरलासुरला भाग होता. तुमच्या गावातही तो उजेड पाहिलेली माणसं सापडतील, त्यांनाच आधी बोलू द्या. मग फरक सांगा. उल्का डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते, कारण ती साधारण सेकंदाला वीस किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने येते. मिथुनातल्या उल्का सुमारे पस्तीस किलोमीटरने. रॉकेटचा तुकडा पृथ्वीभोवती फिरत असताना खाली येतो, त्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, म्हणून तो सावकाश, तुटत तुटत, आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना दिसतो. एवढं समजलेल्या गावात पुढच्या वेळी अफवा पसरत नाही.

लोणारवर बोलायचं तर दिवसाची सहल काढा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं, काळ्या बेसॉल्ट खडकात आदळून झालेलं विवर आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. १४ नोव्हेंबरला चंद्रावरची विवरं पाहिलेली पोरं जानेवारीत लोणारच्या काठावर उभी केलीत तर दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात. वयाबद्दल वाद आहे. आधीच्या मापनात सुमारे ५२ हजार वर्षं निघाली, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजारांच्या आसपास. दोन्ही आकडे पोरांना सांगा, लपवू नका. परिसर अभयारण्य आहे, उजेड असतानाच परत फिरा.

आणि एक विषय, जो आपल्याच भागातल्या लोकांना ठाऊक नसतो. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातून गेलं. ते पाहायला इंग्लंडहून पथकं आली आणि रेल्वेच्या सोयीसाठी पुलगाव व धामणगावजवळच्या तळणीला उतरली. खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर आणि त्यांचे पती वॉल्टर तळणीला होते. ॲनींनी तिथून घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला इतका लांब झोत उमटला की तोवर तसा कोणी टिपला नव्हता. आज त्याच रुळांवरून आपली पोरं बडनेरा-वर्ध्याला जातात. हा एक प्रसंग पंधरा मिनिटं रंगवून सांगितलात तर वेगळ्या वक्त्याची गरज नाही.

तरी वक्ता हवाच असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, भूगोलाचे शिक्षक किंवा हौशी निरीक्षक यांच्यातून शोधा. एकच अट घाला, आकाशाखाली एक तास उभं राहून उत्तरं देण्याची तयारी हवी. नुसतं भाषण करून रात्रीच्या गाडीला पळणारा पाहुणा नको. तारांगण दाखवायचं असेल तर नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात न्या. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन २०२७ मध्ये रविवारी येतो, गर्दी असते, आदल्या आठवड्यात गेलेलं बरं.

व्याख्यान वीस मिनिटांत संपवा, आणि दिवस मावळल्यावर आकाश पूर्ण काळं व्हायला जो सव्वा तास लागतो त्यातच बसवा. प्रोजेक्टर वापरायचा तर वर्गखोलीत, आणि आकाशदर्शनाच्या अर्धा तास आधी बंद. डोळ्याला अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या पडद्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. मोबाईलचंही तेच. टॉर्चवर लाल पतंगी कागदाच्या दोन घड्या रबराने बांधा. थंडीत पोरं तुरीच्या काड्यांची शेकोटी करतातच, तिला मनाई करू नका, फक्त ती शाळेच्या भिंतीआड लावा.

जागेबद्दल मी कडक आहे. टिपेश्वरचं अभयारण्य तुमच्यापासून लांब नाही. वाघाचा वावर असलेल्या भागात रात्री वावरात, धुऱ्यावर पोरं न्यायची नाहीत, कितीही काळं आकाश असलं तरी. शाळेचं पटांगण किंवा ग्रामपंचायतीची गच्ची, एवढंच. उभ्या पऱ्हाटीच्या कडेलाही नको, घोणस तिथेच असते. पटांगणाकडे तोंड असलेले दोन दिवे तासाभरासाठी बंद करायला सरपंचांना अर्ज द्या आणि लाइनमनकडूनच बंद करून घ्या; खांबावर पोत्याचं झाकण घालायला कोणी चढायचं नाही. सगळ्या गावाचा उजेड घालवायचा हट्ट धरू नका. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथेही गावं अंधारात ढकलली नाहीत, दिव्यांची तोंडं खाली केली. ग्रामपंचायत नवे दिवे घेईल तेव्हा हे उदाहरण दाखवा.

बायकांची गोष्ट वेगळी लिहितो, कारण बहुतेक कार्यक्रमांत त्या सुटतात. सात ते साडेआठ त्या चुलीपाशी असतात, आणि आपण रांग लावतो नेमकी तेव्हा. साडेनऊनंतर एक फेरी फक्त बायकांसाठी ठेवा आणि तसं आधी जाहीर करा. १४ नोव्हेंबरला शनी मध्यरात्रीनंतरही वर असतो, ६ फेब्रुवारीला गुरू रात्रभर, तेव्हा घाई नाही. दुर्बिणीजवळ एक स्टूल ठेवा, म्हाताऱ्या बाईला वाकून पाहता येत नाही. रात्री ओलिताला किंवा डुकरांच्या जागलीला जाणारे गडीही असेच सुटतात. त्यांना निघण्याआधी दहा मिनिटं वेगळी द्या. रात्र-रात्र आकाशाखाली काढणारी माणसं तीच आहेत आणि १३ डिसेंबरच्या रात्री पहाटेपर्यंत किती उल्का दिसल्या हे सर्वांत खरं तेच सांगतील. एकाला कोळशाने भिंतीवर रेघा ओढायला सांगितलं होतं, सकाळी त्रेसष्ट रेघा होत्या.

उन्हाळ्यातला एकच कार्यक्रम घ्या: शून्य सावली. तुमच्या अक्षांशावर २१ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून तेरा मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी लपते. नागपूरला हाच दिवस २६ मेच्या आसपास येतो. तिथे मामाकडे गेलेल्या पोराला फोन करून दोन्हीकडच्या सावल्या मोजायला लावा, पृथ्वी गोल असल्याचा पुरावा घरच्या घरी मिळतो. ऊन कडक असतं, पाच मिनिटांत आटपा, सूर्याकडे मात्र कोणी पाहायचं नाही, दुर्बीण तर कोठीतच कुलूपबंद ठेवा. २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची चर्चा खूप होईल. ते खग्रास दिसेल स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तानात. आपल्याकडे तेव्हा ढग असतात, त्यावर कार्यक्रम बांधू नका. त्यापेक्षा ३१ डिसेंबर २०२८ वहीत लिहून ठेवा. त्या रात्री दहाच्या आधीच चंद्र पूर्ण झाकोळून तांबूस होईल आणि तासाभराहून जास्त तसाच राहील, भर थंडीतल्या स्वच्छ आकाशात. आज पाचवीत असलेली तुमची पोरं तेव्हा सातवीत असतील आणि दुर्बीण तीच चालवतील.

दुर्बिणीचा आरसा धूळ बसली म्हणून पुसू नका, कोरड्या कापडाने तर मुळीच नाही. धुळीपेक्षा ओरखडे जास्त नुकसान करतात. वापर झाला की तोंडाला कापड बांधा आणि पोरांपैकी दोघांवर तिची जबाबदारी नाव लिहून सोपवा.

१३ डिसेंबरला मी येऊ शकतो. तुमच्याकडे परतीची गाडी त्या वेळी नसणार, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात एक सतरंजी ठेवा. नाहीतरी दोनपर्यंत कोणी झोपणार नाही.